बटरहेड लेट्यूस: पाण्याची पाळी चुकली की आतली पानं करपतात

फेब्रुवारीत दुपारी ऊन तापू लागतं, रात्र मात्र गारच असते. ज्यांचा बटरहेड (मऊ पानांचं, गड्डा धरणारं लेट्यूस) गड्डा भरायच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आहे, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पाणी बघा. चांगले भरलेले प्लॉट याच दिवसांत हातचे जातात. बाहेरून गड्डा हिरवागार, उघडला की आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी. हॉटेलात या भाजीचं अख्खं पान वाटीसारखं सारण भरायला लागतं, त्यामुळे असा माल क्रेटसकट परत येतो.

हा टिपबर्न. बुरशी नाही, कीड नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. दोन दिवस ताण, मग एकदम मोकळं पाणी, त्यात कोरडा वारा. असं झालं की बाहेरची पानं सगळं ओढून घेतात आणि मिटलेल्या पानांपर्यंत काही पोहोचत नाही. दुकानात यावर कॅल्शियम-बोरॉनची महाग बाटली हातात ठेवतात. बंद गड्ड्यात फवारा शिरणार कसा? चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असतं. पाचगणीकडच्या तांबड्या जमिनीत कमी असू शकतं, तिथे आधी माती तपासा, मग खर्च करा.

मुळं उथळ असतात. म्हणून ठिबक रोज, थोडं थोडं. वीतभर खोलीची माती मुठीत दाबा: गोळा व्हावा, पाणी सुटू नये. सूर्य कलल्यावर थोडा वेळ ठिबक सोडलेल्या प्लॉटमध्ये टिपबर्न कमी दिसतो, असं माझं निरीक्षण आहे. रात्री पानांतून पाणी उडत नाही, तेव्हा मुळांच्या दाबाने ते आतपर्यंत जातं. आणि वजनासाठी शेवटी युरिया देऊ नका. झपाट्याने वाढलेलं पान आधी करपतं.

बाकी कामं:
- अंतर 25 ते 30 सेंमी
- मावा: पिवळे चिकट सापळे, 5 टक्के निंबोळी अर्क (100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळी)
- भाजी कच्ची खातात: नाल्याचं पाणी, ताजं शेण बंद
- काढणी पहाटे, क्रेट लगेच सावलीत
- केळी, टोमॅटोच्या गाडीत माल भरू नका
- सपाटीवर आता नवी लागवड नको. उन्हात फुलदांडा निघतो, पान कडू होतं

परत आलेला माल उकिरड्यावर टाकू नका. करपलेल्या कडा कापा. बाहेरची जाड पानं लसूण-मिरचीच्या फोडणीत मोठ्या आचेवर मिनिटभर परता. आतली दाण्याचं कूट घालून कोशिंबिरीला चालतात. मीठ-लिंबू मात्र वाढताना घाला, हे पान लगेच पाणी सोडतं.