घरच्या हॉटप्लेटवर सोल्डरिंग करताना तापमान आवरले ते असे

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांवर मी घरीच सर्किट बोर्ड तयार करतो. बारीक एसएमडी भाग (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे) बसवण्यासाठी साध्या विजेच्या हॉटप्लेटला के-प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी), सॉलिड स्टेट रिले (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि पीआयडी कंट्रोलर (तापमान पाहून वीज कमी-जास्त करणारा नियंत्रक) जोडला होता. परंतु तापमान ठरवलेल्या आकड्यावर थांबत नसे आणि बोर्डाच्या कडा तपकिरी पडत.

याचे कारण उष्णतेच्या साठ्यात होते. वीज बंद झाल्यावरही जाड लोखंडी तबकडी आतल्या कॉइलची उष्णता बराच वेळ वर देत राहते. शिवाय थर्मोकपल तबकडीला लावलेला असल्याने तो बोर्डाचे नव्हे, तर तबकडीचे तापमान सांगत होता. मी त्याचे टोक एका टाकाऊ बोर्डाच्या तांब्यावर उच्च तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरने जोडले, वरून कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावली आणि तो तुकडा खऱ्या बोर्डाशेजारी ठेवला.

६३/३७ कथील-शिसे मिश्रणाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे बोर्ड १५० अंशांच्या आसपास थोडा वेळ स्थिरावू देऊन मग तो २१० ते २२० पर्यंत नेतो, मात्र वीज त्याआधीच तोडतो. उरलेली चढण साठलेली उष्णताच पुरी करते. शिखर गाठताच बोर्ड सरळ उचलून बाजूला घेतो. पीआयडीचे ऑटोट्यूनही (कंट्रोलरला स्वतःच आपली मापे जुळवू देणे) करून पाहिले, पण इतक्या सुस्त तबकडीपुढे त्याचा उपयोग माफकच. खिडकी मात्र उघडी हवीच, आणि तबकडीला अर्थिंगही.