बायपोलर की स्किझोफ्रेनिया? डॉक्टरकडे जायच्या आधी वही करा

घरातलं कुणी आवाज ऐकू येतात म्हणायला लागलं की नातेवाईक लगेच स्किझोफ्रेनिया (मुख्यतः भास, संशयाचा आजार) म्हणून मोकळे होतात, पण बायपोलरमधे (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) पण मॅनिया (मूड अति वर) किंवा डिप्रेशन जोरात असलं की भास, भ्रम (खोटे पण पक्के समज) होतात. डॉक्टरला मेन हे हवं असतं की मूड नॉर्मल असताना पण भास चालू राहतात का?

ते एका व्हिजिटमधे कळत नाही, म्हणून वही करा, रोज तारीख, झोप, मूड आणि भास किंवा संशय एवढंच. "मंगळवार. २ तास झोप तरी फुल एनर्जी, देवाने मला निवडलंय म्हणतो, तीन मोबाईल मागवले" अशी नोंद मॅनियाकडे जाते. मूड बरा, झोप ठीक, तरी शेजारी भिंतीतून ऐकतात हे चालूच, तर स्किझोफ्रेनियाचा विचार होतो, त्याला अमेरिकन DSM निकषांप्रमाणे एकूण ६ महिने लक्षणं लागतात. मूडचे झटके मोठे, पण मधे किमान २ आठवडे मूड ठीक असूनही भास, तर स्किझोअफेक्टिव्ह, म्हणजे दोन्हींची सरमिसळ. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनने १८९९ मधे बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया हे दोन आजार वेगळे केले खरे, पण त्यांची जनुकं बरीच कॉमन निघालीत, त्यामुळे निदान पुढे बदललं तर डॉक्टरला नावं ठेवू नका.

गांजा, दारू, स्टेरॉइड काही असेल तर लपवू नका प्लीज. जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या पण न्या, कारण बायपोलरमधे नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने मॅनिया उसळू शकतो. जीव देण्याचं काही बोलत असेल तर वही राहू दे, सरळ हॉस्पिटल गाठा, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो.