डिशवॉशरचं घाण पाणी सिंकच्या पाईपला कसं जोडायचं

आमच्या गल्लीत आता तीन-चार घरात डिशवॉशर आलेत आणि परवापासनं सगळे एकच विचारायलेत, की घाण पाण्याचा पाईप नेमका कुठं जोडायचा. मशीन पाणी कुठनं घेतंय याची काळजी सगळे करतात, पण पाणी बाहेर कसं जातंय तिकडं कुणी बघत नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच होतोय.

आमच्याच घरचं सांगतो. मशीन बसवायला आलेल्या माणसानं पाईप सरळ खाली नहाणीच्या भोकात सोडला आणि गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई म्हणाली, ताटांना वास मारायलाय. शिवाय मशीन पाणी घेतच बसायचं, संपायचंच नाही. कारण साधं हाय, पिंपातलं पाणी आपण नळीनं ओढून एकदा खाली सोडलं की पुढं ते आपोआप वाहत राहतंय की नाही, तसंच इथं होतं. पाईपचं तोंड जमिनीला टेकलेलं, म्हणजे मशीनपेक्षा खाली, त्यामुळं मशीन एकीकडनं भरायचं आणि दुसरीकडनं रिकामं व्हायचं.

म्हणून पहिली गोष्ट उंची. बहुतेक मशीनच्या पुस्तकात पाईपचं तोंड जमिनीपासनं साधारण 40 ते 100 सेंमीच्या मधे ठेवा असं असतंय, तुमच्या मशीनचा आकडा पुस्तकात बघूनच घ्या. सिंकच्या खालचा जोड बहुतेक या मापात आपोआप बसतो, म्हणून नहाणीपेक्षा सिंक बरं.

आता सामान. डिशवॉशरसाठी बाजूला नळी असलेला बॉटल ट्रॅप (सिंकखाली बसणारा बाटलीसारखा भाग, त्यात थोडं पाणी साठून राहतं आणि गटारीचा वास अडतो), एक स्टीलची होज क्लिप (पाईप आवळायची गोल पट्टी), स्क्रूड्रायव्हर, एक बादली आणि जुनी फडकी. खडेबाजारात नाहीतर जवळच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाताना सिंकच्या वेस्ट कपलिंगचं (सिंकच्या भोकात बसवलेल्या, खाली पाईप जोडायच्या तोटीचं) माप घेऊन जा, आणि जुना पाईप काढलेला असेल तर तोच पिशवीत घालून न्या, म्हणजे दोनदा फेरी पडत नाही. आपल्याकडं भरपूर घरात सिंकखाली तो पांढरा, ओढला की लांब होणारा पातळ फ्लेक्सिबल पाईप असतो, तो काढूनच टाका असं माझं स्पष्ट मत हाय, कारण मशीनचं पाणी चांगलं गरम बाहेर पडतं आणि तो पाईप गरम होऊन मऊ पडतो, खाली लोंबतो, आणि त्या पोटात सगळी खरकटी घाण साठते. बॉटल ट्रॅपपासनं भिंतीतल्या पाईपपर्यंत जाडच पाईप घाला.

आता महत्त्वाचं, इथं भलेभले चुकतात. नवीन ट्रॅपची ती बाजूची नळी बऱ्याचदा आतनं बंद असते, कंपनीनंच पातळ प्लास्टिकचा पडदा ठेवलेला असतो. तो न फोडता पाईप जोडला की पाणी जाणार कुठं? मशीन एरर देऊन थांबतं आणि मग लोक पंप खराब म्हणून कंप्लेंट करतात. जोडायच्या आधी टॉर्च मारून बघा, बंद असेल तर ड्रिलनं नाहीतर धारदार सुरीनं पूर्ण मोकळं करा आणि आत पडलेला चुरा काढून टाका. नळी ट्रॅपच्या पाण्याच्या आधी पाहिजे, म्हणजे सिंकच्या बाजूला. ट्रॅपच्या पुढं जोडलं तर गटारीचा वास सरळ मशीनमधे, आणि झुरळं पण.

मग पाईप. मशीनमागनं येणारा पाईप सरळ ट्रॅपला जोडायचा नाही, आधी स्वयंपाकाच्या कट्ट्याच्या खालच्या बाजूला जेवढा वर जाईल तेवढा वर न्यायचा, तिथं बांधायचा आणि मग खाली ट्रॅपला आणायचा. हा वळसा नसला आणि कधी सिंक तुंबलं तर भाताची शितं, चहाचा चोथा सगळं उलटं मशीनमधे येतं, वळसा असला की ते पाणी चढून पलीकडं जाईपर्यंत तुम्हाला सिंक भरलेलं दिसतं. कट्टा कडप्प्याचा असतो, त्यात स्क्रू मारू नका, तडकतो. बाजूच्या भिंतीत क्लॅम्प मारा नाहीतर सिंकच्या ब्रॅकेटला केबल टायनं बांधा, फक्त एवढं आवळू नका की पाईप चेपेल. कपाटातनं पाईप नेताना भोक मोठं पाडा आणि कडा घासून घ्या.

पाईपच्या टोकाचं रबर नळीवर पूर्ण चढवा, मग होज क्लिप आवळा. ट्रॅपचे प्लास्टिकचे नट हातानंच आवळायचे, पाना लावला की आटे जातात आणि आतलं वायसर वाकडं बसतं. टेफ्लॉन टेप इथं लागत नाही, वायसरच काम करतंय.

सिंकमधे जागाच नसेल आणि नहाणीतच सोडायचं असेल तर नहाणीवर एक उभा पीव्हीसी पाईप बसवा, साधारण 40 एमएमचा, आणि मशीनचा पाईप वरनं वाकवून त्यात थोडाच घाला, कडेनं हवा जायला जागा सोडून. आवळून सील करू नका वो, हवा मिळाली तरच ते नळीनं ओढल्यासारखं होत नाही.

शेवटी टेस्ट. ट्रॅपखाली कोरडा पेपर पसरा, सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा, पेपरवर थेंब पडतोय का बघा, आणि दार उघडून मशीनच्या तळाला नवीन पाणी आलंय का तेही बघा. मग भांडी न घालता एक छोटा प्रोग्रॅम लावा आणि पंप सुरू झाला की क्लिपवर हात फिरवा. गरम पाण्यानं प्लास्टिक जरा सैल पडतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी नट परत एकदा हातानं आवळून घ्या, आणि महिन्यातनं एकदा ट्रॅपची खालची वाटी उघडून खाली बादली धरून धुवा.