थंडीतल्या पालेभाज्या घरी लावताय? आधी या चुका टाळा

थंडीतल्या पालेभाज्या घरी लावणं खरंच सोपं आहे. तरी दर हंगामात त्याच तक्रारी कानावर येतात. बी उगवलंच नाही, रोपं रातोरात आडवी झाली, पालक पानं द्यायच्या आधीच फुलावर आला, आणि जे थोडंफार हाती लागलं त्याचा कढईत लगदा झाला. नवी मंडळी जिथे थांबायला हवं तिथे घाई करतात आणि जिथे भराभर हात चालवायला हवा तिथे रेंगाळतात. बहुतेक चुका एवढ्यातच आल्या.

तारीख बघून पेरणी

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. हंगाम सुरू झाल्याचं कुठेतरी वाचलं की लोक लगेच कुंड्या भरायला घेतात, बाहेर उकाडा तसाच असला तरी. पण बी उगवतं ते मातीच्या तापमानावर. माती 15 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असली की या भाज्या छान उगवतात. ती 30 अंशांच्या पुढे तापली की लेट्यूसचं बी सुप्तावस्थेत जातं, मग कितीही पाणी घाला.

ओळखीच्या एका गृहस्थांनी गच्चीवर क्रेटमध्ये लेट्यूस पेरलं होतं. आठवडा गेला तरी काही दिसेना, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. मग बी खराब निघालं असं ठरवून नवं पाकीट आणलं आणि त्याच तापलेल्या मातीत आणखी खोल पुरलं. तेही वाया गेलं. ‘बीच बोगस आहे’ म्हणत त्यांनी उरलेलं पाकीट माझ्या हातात ठेवलं. मी त्यातलं चिमूटभर बी ओल्या कापडात गुंडाळलं, डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं, आणि नंतर घरातल्या गार पण उजेडाच्या जागी ट्रेमधल्या ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं. थोड्याच दिवसांत ट्रेभर हिरवे ठिपके दिसले. बी तेच होतं, त्याला गारवा मिळाला एवढंच. शिवाय लेट्यूसच्या बऱ्याच वाणांना उगवायला उजेड लागतो, त्यामुळे ते खोल पुरलं की उगवायची आशा उरत नाही.

मी भर दुपारी कुंडीतल्या मातीत बोट खुपसून बघते. माती कोमट लागली की पेरणी पुढे ढकलते. पाकीटही एकदम संपवत नाही, दर दहा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरते. हंगामाच्या दुसऱ्या टोकालाही हेच लक्षात ठेवा. दिवस मोठा होऊन हवा तापायला लागली की पालक आणि कोथिंबीर फुलावर येणारच. तेव्हा खत घालून काही उपयोग नाही, काढा आणि खा.

विरळणी करायला हात धजत नाही

उगवलेलं उपटायचं जिवावर येतं, हे मी समजू शकते. पण बीटच्या कुळातल्या पालकाचं जे खडबडीत बी आपण पेरतो, तो खरं तर बियांचा गुच्छ असतो. एका जागी दोन-तीन रोपं येतात. वर मूठभर बी फेकलेलं असेल तर पानांमधून वारा खेळत नाही, माती वाळत नाही, आणि बुरशीने रोपं बुंध्याशी काळी, बारीक होऊन कोलमडतात. त्यालाच लोक ‘अचानक मेली’ म्हणतात. उगवताना येणाऱ्या पहिल्या पानांनंतरची दोन खरी पानं आली की दोन रोपांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवून बाकीची काढा. ओढू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का बसत नाही. कापलेली कोवळी रोपं धुऊन खाता येतात. मेथी मुळासकट उपटूनच काढायची असेल तर ती दाट चालते.

बाकीच्या चुका थोडक्यात. पाणी सकाळी आणि बुंध्याशी, रात्री पानांवर नको. युरियाचा हात आखडता ठेवा, लुसलुशीत पानांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आधी येतो. मावा बघायचा तर पान उलटं करून. धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा, आणि उगवायला दोन आठवडे लागले तरी कुंडी उकरू नका. पालक खुडताना बाहेरची पानं घ्या, मधला कोंब राहू द्या.

कढईतला उशीर

पानं आधी धुवा, मग चिरा. मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात खळबळून हाताने वर उचलून घ्या. लोक भांडंच चाळणीत उपडं करतात आणि तळाशी बसलेली माती परत पानांवर ओततात. मग जेवताना दाताखाली कचकच लागते. तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत पाणी बदला.

पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्यामुळे वरून पाणी घालायचं काही कारण नाही, आणि मीठ पानं बसल्यावर घाला, नाहीतर ढीग बघून घातलेलं मीठ मूठभर भाजीला फार होतं. झाकण ठेवून शिजवत बसलं की पानांतलीच आम्लं हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून टाकतात आणि भाजी शेवाळी, मळकट दिसते. त्यावर उपाय म्हणून सोडा टाकणाऱ्यांवर माझा राग आहे. रंग टिकतो, पण पानाचा गाळ होतो आणि क जीवनसत्त्वही जातं. कढई चांगली तापवा, तेलात पानं उघडीच परता, दोन-तीन मिनिटांत उतरवा. लिंबू पिळायचं तर गॅस बंद केल्यावर.

मोहरी आणि केलची जून पानं मात्र याला अपवाद. त्यांचे देठ वेगळे काढून बारीक चिरा आणि आधी घाला, ते मऊ झाले की पानं टाका, पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. दहा मिनिटं लागली तर लागू द्या. रंग थोडा उतरला तरी चालेल, देठ कच्चा राहायला नको.