सीएसआर मागितला होता, मी कीसुद्धा पाठवली

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. वरून मेल आला: क्लायंटच्या वेबसाइटचं सर्टिफिकेट (साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र) पुढच्या आठवड्यात संपतंय, ते विकणाऱ्या रीसेलरला सीएसआर पाठवून दे. सीएसआर म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली. शोधलं, ओपनएसएसएल या की आणि सर्टिफिकेटं हाताळणाऱ्या टूलची एक कमांड सापडली, ती जशीच्या तशी चिकटवली आणि दोन फाइल तयार झाल्या. यांतली नेमकी कोणती हवी हे कळेना, म्हणून दोन्ही झिप केल्या आणि पाठवून दिल्या. सीसीमध्ये पाच जण.

दहा मिनिटांनी आमचे सीनियर खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आले. ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणतात. "अगं, की पण पाठवलीस?" एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, पण माझे कान लाल झाले.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कमांड आधी एक प्रायव्हेट की बनवते, म्हणजे फक्त आपल्याकडे राहणारी गुप्त किल्ली. मग त्याच कीची जोडीदार, सगळ्यांना दाखवता येणारी पब्लिक की, डोमेनचं नाव आणि संस्थेची माहिती एका अर्जात भरते आणि त्या अर्जावर प्रायव्हेट कीने सही करते. हा अर्ज म्हणजे सीएसआर. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. सर्टिफिकेट देणारी संस्था, म्हणजे सीए, त्यातल्या पब्लिक कीवर आपला शिक्का मारून परत देते. या सगळ्यात प्रायव्हेट की सर्व्हरवरून हलायची गरज कुठेच पडत नाही. ट्रू कॉपी अटेस्ट करून घ्यायला गेल्यावर आपण साहेबाकडे घराची किल्ली देत नाही, तसंच. फाइल कोणती हे ओळखायला नोटपॅडमध्ये उघडा, पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

पाठवलेली की मेलमधून पुसून भागत नाही. ती बाद. नवी की, नवा सीएसआर. माझं नशीब की सर्टिफिकेट अजून निघालं नव्हतं. निघालं असतं तर रद्द करायला लागलं असतं, आणि की फुटल्याचं सिद्ध झालं की सीएला ते २४ तासांत रद्द करावंच लागतं. म्हणजे तेवढ्या वेळात नवं सर्टिफिकेट बसवायचं, नाहीतर साइटवर लाल पाटी.

दुसऱ्यांदा काका शेजारी बसले होते. ओपनएसएसएल प्रश्न विचारत जातं. देशासाठी दोनच अक्षरं, राज्याचं नाव पूर्ण. मग येतं कॉमन नेम, आणि कंसात लिहिलेलं असतं की सर्व्हरचं नाव किंवा तुमचं नाव. मी इमानदारीत माझं नाव टाइप केलं. "वेबसाइट तुझ्या नावावर करून घेतलीस का?" इथे डोमेनचं नाव लिहायचं. चॅलेंज पासवर्ड विचारला तर रिकामा सोडून एंटर मारायचं. कीसाठी आरएसए २०४८ बिट पुरतं.

पण खरा मुद्दा कॉमन नेमचा नाहीच. २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ५८ पासून क्रोम ते बघतसुद्धा नाही. तो बघतो सॅन, म्हणजे पर्यायी नावांची यादी. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, दोन्ही नावं त्यात आहेत ना हे तपासा. वाइल्डकार्ड, म्हणजे डोमेनच्या आधी तारांकन असलेलं सर्टिफिकेट, घेतलं की सगळं झाकलं जातं हाही गैरसमज. तारांकन एकाच पातळीपुरतं चालतं, आणि नुसतं मूळ डोमेन त्यात येत नाही, ते वेगळं घालावं लागतं.

यानंतर सीए विचारते, डोमेन तुमचंच कशावरून? ॲडमिन, वेबमास्टर, पोस्टमास्टर अशा ठरलेल्या पत्त्यांवर मेल येतो, किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची एक नोंद) टाकायला सांगतात, किंवा सर्व्हरवर एक फाइल ठेवायला. तांत्रिकदृष्ट्या हा भाग सर्वांत सोपा, आणि सर्वांत जास्त दिवस इथेच जातात. कारण डीएनएसचा पासवर्ड मालकाच्या भाच्याकडे असतो आणि भाचा आता दुबईत. म्हणून काम हातात घेतल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, डीएनएस कुणाच्या ताब्यात आहे? ओपनएसएसएल नंतर.

सर्टिफिकेट आलं, एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये घातलं, माझ्या लॅपटॉपवर कुलूप दिसलं. मी चहाला गेले. परत येते तर क्लायंटचा फोन, मोबाइल ॲप चालत नाही. आपलं सर्टिफिकेट सीएच्या मूळ सर्टिफिकेटाशी जोडणारं मधलं, म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट मी जोडलंच नव्हतं. काही ब्राउझर हा गहाळ दुवा स्वतः शोधून आणतात, ॲप सहसा आणत नाहीत. एन्जिनएक्सला एकाच फाइलमध्ये आधी आपलं आणि खाली इंटरमीडिएट असं लागतं. की जुळत नाही असा एरर आला तर बहुतेक वेळा जुन्या सीएसआरची की लावलेली असते.

आता यातलं बरंचसं हाताने करावं लागत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही सीए डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. फुकट, पण मुदत ९० दिवस. तिच्याकडून सर्टिफिकेट आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम की, सीएसआर, पडताळणी सगळं स्वतः करतो. फाइलच्या पडताळणीसाठी ८० नंबरचा पोर्ट उघडा हवा, फायरवॉलवाल्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि सराव स्टेजिंगवर, म्हणजे त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर करा, खऱ्या सर्व्हरवर लागोपाठ चुकलात तर काही काळ दार बंद होतं. विकतच्या सर्टिफिकेटांची मुदतही आटत चालली आहे. ३९८ दिवसांची कमाल मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० वर, २०२७ मध्ये १०० वर आणि २०२९ मध्ये ४७ वर. तरी हाताने सीएसआर करायला एकदा शिकाच. बिघडतं तेव्हा सर्टबॉटच्या एररमध्ये हेच शब्द येतात.

ऑटोमॅटिक नूतनीकरणाने मला एकदाच दगा दिला. नवं सर्टिफिकेट डिस्कवर वेळेत आलं होतं, पण एन्जिनएक्स रीलोड झालंच नव्हतं. त्याने आठवणीतलं जुनंच दाखवत ठेवलं आणि शनिवारी रात्री ते संपलं. रीलोडची एक ओळ डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये टाकायची राहिली होती. शिवाय लेट्स एन्क्रिप्टने मुदतीची आठवण देणारे मेल जून २०२५ मध्ये बंद केले आहेत. म्हणून मी बाहेरून, ब्राउझरला दिसतं तेच सर्टिफिकेट रोज तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावली आहे. डिस्कवरची फाइल ती बघतच नाही.