बॉडीला अर्थिंग देण्याआधी

नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये दोन आसनी किट-विमानाचं (सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या विमानाचं) वायरिंग सुरू केलं, तेव्हा वाटलं होतं की पत्रा आणि रिव्हेटांपेक्षा हे सोपं जाईल. चौदा महिने लागले. त्यातले सहा आठवडे निव्वळ वॉशरपायी गेले, म्हणून असंच विमान जोडणाऱ्यांसाठी हा लिहिण्याचा खटाटोप.

रेडिओ कुठला घ्यायचा, लोड पाहून वायरचा गेज, म्हणजे जाडी, कशी ठरवायची, हे तुम्हाला ठाऊक असणार; त्यात शिरत नाही. वायर मात्र टेफ्झेलच्या, म्हणजे सहज न पेटणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाचीच घ्या. पीव्हीसी स्वस्त पडते, पण हवेत असताना पेटली तर त्या धुरात पॅनलसुद्धा दिसायचं नाही. इथे पैसे वाचवणाऱ्याशी मी वादच घालत नाही.

आता माझी चूक. मदतीला गाड्यांचं काम करणारा एक वायरमन आणला होता. हात अतिशय साफ, पण सवय गाडीची : निगेटिव्ह मिळेल तिथे बॉडीला, म्हणजे सांगाड्याच्या पत्र्याला जोडायचा. विमान अॅल्युमिनियमचं, बॅटरीचा निगेटिव्हही बॉडीलाच, म्हणून मलाही ते पटलं. हेडसेटची पिन जिथे खुपसतात ते जॅक थेट पॅनलच्या पत्र्यात आवळले. इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ. इंजिन सुरू केलं की कानात बारीक शिट्टी, आणि आरपीएम वाढवला की तीही चढायची. मी फिल्टर लावला, शिल्डेड (भोवती तारांच्या जाळीचं कवच असलेली) केबल बदलली, इंटरकॉम, म्हणजे हेडसेटमधलं बोलणं एकमेकांना ऐकवणारी पेटी, विकणाऱ्याशी फोनवर भांडलो. त्याची काहीच चूक नव्हती.

शेवटी शेजारचे काका आले. त्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, मिग लढाऊ विमानांच्या वायरिंगवर. हेडसेट कानालाही न लावता म्हणाले, "जॅकला वॉशर कुठले टाकलेस रे?"

"कुठलेच नाहीत, काका."

"मग बोंबलणारच ते."

झालं होतं असं. दिवे, पंप, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) यांचा परतीचा करंट बॉडीतून वाहतो. त्या वाटेचा रोध नगण्य असतो, पण शून्य नसतो. 10 अँपिअर करंट आणि 2 मिलिओहम रोध धरा, दोन टोकांत 20 मिलिव्होल्टचा फरक पडतो. दिव्याला त्याचं काही नाही. पण जॅकचा निगेटिव्ह एका जागी पत्र्याला टेकला आणि इंटरकॉमचा दुसऱ्या जागी, तर तो फरक थेट आवाजात मिसळतो. अल्टरनेटरच्या करंटमधल्या लहरींची वारंवारता इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते, म्हणून शिट्टी चढते.

उपाय : जॅकच्या पुढून-मागून फायबरचे वॉशर, त्यातला एक खांद्याचा (भोकात शिरणारा उंचवटा असलेला), आणि भोक तो खांदा बसेल एवढं मोठं, म्हणजे जॅक पत्र्याला कुठेच टेकत नाही. जॅकचा निगेटिव्ह स्वतंत्र वायरीने इंटरकॉमपर्यंत. शिल्ड फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडायची, जॅककडे कापून वर स्लीव्ह चढवायची.

तपासताना आधी इंटरकॉमचा कनेक्टर काढा, मग मल्टिमीटर बीपच्या (जोड तपासायच्या) मोडवर ठेवून त्याची एक सुई जॅकच्या नळीला आणि दुसरी पत्र्याला लावा. बीप आली तर वॉशर सरकलाय. कनेक्टर तसाच ठेवलात तर बीप येणारच, कारण इंटरकॉमचा निगेटिव्ह फिरून शेवटी बॉडीलाच जातो. हे न कळल्यामुळे मी चांगले बसवलेले वॉशर दोनदा खोलले.

एवढं वाचून दचकू नका. चूक सापडल्यावर दुरुस्तीला एक दुपार पुरली. गुरू मात्र हाताला शिस्त लावणारा शोधा. काकांनी मला आधी वायरचे दोनशे तुकडे सोलायला लावले. आतली एक तार जरी कापली गेली तरी तुकडा बाद. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली! फार राग आला होता. दीडशेच्या आसपास कधीतरी पक्कड किती दाबायची ते बोटांना कळलं, आणि त्यानंतर केलेलं एकही क्रिंपिंग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) ओढून पाहताना सुटलेलं नाही.

शिट्टी गेली आहे. स्ट्रोबची (लखलखणाऱ्या दिव्याची) टिकटिक अजून येते. त्याचाही निगेटिव्ह मी घाईत पॅनलमागेच मारलाय. रविवारी काका येणार आहेत.