तीन पत्तीच्या सवयीने पोकर खेळताना होणाऱ्या या चुका टाळा

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमरस-पुरणपोळीचे जेवण आटोपले की ओसरीवर सतरंजी अंथरली जाते आणि पत्ते पिसले जातात. अमळनेरजवळच्या आमच्या गावी या बैठकीत तीन पत्तीच्या जोडीला आता टेक्सस होल्डेम पोकरही आला आहे. आम्ही तो चिंचोके लावून खेळतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, आणि घरच्या बैठकीतही पैसा नसलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र चिंचोके असले तरी चुका त्याच होतात, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ तीन पत्तीत मुरलेल्या हातात असते. तीन पत्तीत एकदा वाटलेले पत्ते शेवटपर्यंत बदलत नाहीत, त्यामुळे तिथे हिंमत धरून बसण्याला मोल आहे. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोनच पत्ते असतात; आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक असे पाच पत्ते सर्वांसमोर उघडले जातात, या सातांतून पाच पत्त्यांचा सर्वांत चांगला हात धरायचा असतो आणि प्रत्येक वेळी निर्णय नव्याने घ्यावा लागतो.

सर्वांत आधीची चूक हातांच्या क्रमाची आहे. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) कलरपेक्षा (सगळे एकाच चिन्हाचे पत्ते) मोठा असतो, तर पोकरमध्ये कलर मोठा. हा कुणाच्या लहरीने ठरलेला नियम नाही. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होऊ शकतात, त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६ असतात. पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० हातांत मात्र सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८ भरतात. जो हात दुर्मीळ, तो मोठा. जुने खेळाडू ऐन रंगात हा फरक विसरतात आणि सिक्वेन्स हाती येताच सगळे चिंचोके पुढे सारतात.

दुसरी चूक म्हणजे जवळजवळ प्रत्येक डावात उतरणे. ब्लाइंड, म्हणजे पत्ते न पाहता, चाल खेळण्याची सवय असलेल्याला पत्ते पाहताच टाकून देणे कमीपणाचे वाटते. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ वाटपांत एकदाच येते, हे ध्यानात ठेवले तर बहुतेक हात टाकण्याजोगेच असणार हे पटते.

खरे नुकसान मात्र हिशेब न करता कॉल करण्यात, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच घालून डावात राहण्यात आहे, आणि याच चुकीवर मी सर्वांत जास्त भर देईन. मागच्या आखाजीला माझ्या मावसभावाच्या हातात बदामाची सत्ती आणि अठ्ठी होती. चार पत्ते उघडले होते: बदामाचा राजा, इस्पिकचा गुलाम, बदामाची चौकी आणि किलवरची दुर्री. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या राशीत, ६० चिंचोके होते आणि समोरच्याने आणखी ६० लावले. म्हणजे ६० घालून १२० मिळवायचे होते; असा कॉल परवडण्यासाठी तीनपैकी निदान एका वेळी जिंकता आले पाहिजे. न पाहिलेल्या ४६ पत्त्यांत बदाम उरले होते ९, म्हणजे पाचांतून एकदाही पुरते नाही. त्याने कॉल केला, शेवटचा पत्ता बदामाची तिर्री निघाली आणि ओसरीभर ‘वा भाऊ, हिंमत पाहिजे!’ असा गजर झाला.

तो निर्णय चुकीचाच होता. हाच डाव ४६ वेळा खेळला तर ९ वेळा १२० प्रमाणे १,०८० चिंचोके येतात आणि ३७ वेळा ६० प्रमाणे २,२२० जातात. कलर लागूनही समोर त्याहून मोठा कलर निघण्याची शक्यता यात धरलेलीच नाही. जिंकून झालेली चूक हरून झालेल्या चुकीपेक्षा घातक असते, कारण ती खेळाडू पुन्हा करतो. समोरच्याने ६० ऐवजी १५ लावले असते, तर १५ घालून ७५ मिळवायचे होते आणि तोच कॉल योग्य ठरला असता. पत्ते तेच असूनही निर्णय किमतीप्रमाणे उलटतो.

‘एवढे टाकलेच आहेत, आता मागे कसे फिरायचे?’ हे वाक्य अशाच वेळी ऐकू येते. पॉटमध्ये गेलेले चिंचोके आपले राहिलेले नसतात. प्रश्न फक्त पुढच्या कॉलचा असतो.

जागेचे महत्त्वही अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्याची पाळी शेवटी येते त्याला इतरांनी काय केले ते पाहून ठरवता येते, म्हणून मध्यम हात तिथे खेळावा आणि पहिल्या पाळीला टाकावा. तसेच जो खेळाडू समोरचे पत्ते पाहिल्याशिवाय राहत नाही, त्याच्यापुढे बतावणी करू नये. साइड शो, म्हणजे शेजाऱ्याशी पत्ते ताडून पाहणे, मागण्याची सवय लागलेल्या आमच्या बैठकीत असे निम्मे तरी असतात.

सवय मोडण्यासाठी आम्ही आता एक कागद जवळ ठेवतो. शेवटचा पत्ता उघडण्यापूर्वी कॉल करणाऱ्याने पॉट किती, घालायचे किती आणि उपयोगी पत्ते किती हे तीन आकडे लिहून कागद पालथा ठेवायचा. डाव संपल्यावर कोण जिंकले ते बाजूला ठेवून आम्ही आधी तो कागद वाचतो.